लिंबातून रक्त येते तेव्हा



लिंबू ही आपल्या घरात रोज लागणारी वस्तू आहे. वरणावर पिळायचे, उन्हातून आलेल्या माणसाला सरबत करून द्यायचे, पितळेचा तांब्या घासायचा, उन्हाळ्यात बरणीभर लोणचे घालायचे. अशा साध्या फळावर या सदराची सगळी जागा खर्च करण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण घडले म्हणूनच लिहीत आहोत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या परिचयाच्या एका वस्तीत नऊ वर्षांची एक मुलगी तापाने आजारी पडली. ताप चढे, थोडा उतरे, पुन्हा चढे. दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या तीन दिवसांत संपल्या. रक्त तपासायला पैसे लागतील म्हणून घरची माणसे पुन्हा दवाखान्यात गेली नाहीत. आठव्या दिवशी कोणीतरी एका बुवाला घेऊन आले. बुवाने मुलीवरून लिंबू उतरवले, पिशवीतून चाकू काढला आणि सर्वांदेखत लिंबू कापले. लिंबातून लालभडक रस गळू लागला. बायका किंचाळल्या. मुलीची आई मटकन खाली बसली.

"रक्त आहे. करणी केली आहे कुणीतरी," बुवा म्हणाला. "उगवतीच्या अंगाला एकटी बाई राहते. नवरा नाही तिला. तिचेच काम."

उगवतीच्या अंगाला तिसऱ्या घरात एक काकू राहतात. नगरपालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, वस्तीतल्या कितीतरी बाळंतिणींना न्हाऊ घातलेल्या. त्या दिवसापासून त्यांच्या हातचे पाणी बंद झाले. मुले त्यांच्या ओट्यावर खेळायची थांबली. नळावर त्या आल्या की बाकीच्या बायका हंडे उचलून बाजूला होऊ लागल्या. बुवा दोन हजार रुपये घेऊन गेला आणि मुलीचा ताप जिथल्या तिथे राहिला.

आणखी तीन दिवसांनी मुलीच्या मामाने तिला सरकारी रुग्णालयात नेले. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड निघाला. औषध सुरू झाले आणि मुलगी बरी झाली. पण काकूंचे पाणी बंद ते बंदच. "ताप टायफॉइडचा होता, मान्य. पण लिंबातून रक्त आले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले ना!" असे लोक म्हणत.

ह्या "डोळ्यांनी पाहिले" चे उत्तर देण्यासाठी लिंबात असते तरी काय, हे समजून घ्यावे लागेल.

लिंबाचा आंबटपणा हा त्यातल्या सायट्रिक आम्लाचा आहे. कार्ल शील या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञाने १७८४ साली लिंबाच्या रसातून हे आम्ल प्रथम वेगळे काढले. शंभर मिलिलिटर रसात ते साधारण पाच-सहा ग्रॅम असते. आम्ल पाण्यात गेले की हायड्रोजनचे आयन सोडते. हे आयन जितके अधिक, तितका पदार्थ अधिक आम्लधर्मी. ते किती आहेत हे मोजण्यासाठी सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगन येथे एक मोजपट्टी सुचवली. तिला पीएच म्हणतात. मराठीत तिला सामू असा छान शब्द आहे. ज्यांची शेती आहे त्यांनी माती परीक्षणाच्या कागदावर तो वाचलाच असेल.

सामूची पट्टी साधारणपणे शून्यापासून चौदापर्यंत धरतात. बरोबर मध्ये, सात या आकड्यावर शुद्ध पाणी. ते आम्लही नाही आणि अल्कही नाही. साताच्या खाली आम्ल, साताच्या वर अल्क. दुधाचा सामू साडेसहाच्या थोडा वर, दह्याचा चार-साडेचारच्या आसपास, साबणाच्या पाण्याचा नऊ-दहा, चुन्याच्या निवळीचा बाराच्याही वर. आणि लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ही पट्टी शिंप्याच्या टेपसारखी नाही. तिच्यावरची प्रत्येक पायरी दहा पटींची असते. सामू सातावरून सहावर आला म्हणजे आम्लता दहा पट झाली, पाचावर आला म्हणजे शंभर पट. लिंबाचा रस पाण्यापेक्षा साडेचार ते पाच पायऱ्या खाली आहे. म्हणजे तो शुद्ध पाण्याच्या सुमारे तीस हजार ते एक लाख पट आम्लधर्मी झाला. जिभेला नुसते "आंबट" एवढेच कळते. आकडा पाहिला की त्या आंबटपणाचे बळ लक्षात येते.

आता बुवाच्या लिंबाकडे वळू.

काकूंची नात दहावीत शिकते. आजीचे नाव बदनाम झाल्याने ती फार दुःखी होती, पण नुसती रडत बसली नाही. ती आम्हांला म्हणाली, "बुवाने चाकू स्वतःचा का आणला? त्या घरात विळी आहे, सुरी आहे. आणि लिंबूच का कापले? काकडी का नाही कापली?"

हे दोन प्रश्न विचारले की अर्धे कोडे सुटते. शाळेच्या प्रयोगशाळेत मिथिल ऑरेंज नावाचा एक रंग असतो. रसायनशास्त्रात त्याला दर्शक म्हणतात, कारण समोरच्या द्रवाचा सामू काय आहे हे तो आपला रंग बदलून दाखवतो. सामू ४.४ च्या वर असला तर तो पिवळा राहतो. ३.१ च्या खाली गेला की लाल होतो. मधल्या जागेत नारिंगी. हा रंग चाकूच्या पात्याला लावून वाळवला की तो सहसा कुणाच्या नजरेस येत नाही. त्या चाकूने लिंबू कापले की दोन-अडीच सामूचा रस त्याला लागतो आणि पाहता पाहता लाल थेंब ओघळतात. तोच चाकू काकडीवर किंवा कांद्यावर चालवला तर काहीही होणार नाही. त्यांच्या रसाचा सामू पाचाच्या वर असतो, तेथे हा रंग पिवळाच राहील. करणी खरी असती तर ती काकडीतूनही दिसायला हवी होती. पण बुवाला आंबट फळच लागते, कारण त्याची सारी करामत आम्लावर उभी आहे.

नातीने आपल्या विज्ञानाच्या बाईंना विचारले. बाई स्वतः रविवारी वस्तीत आल्या. समाजमंदिराच्या अंगणात साऱ्यांना बोलावून त्यांनी वस्तीतल्याच दुकानातून आणलेली चार लिंबे ठेवली. पहिले लिंबू मुलीच्या आईकडून तिच्याच सुरीने कापून घेतले. साधा रस निघाला. दुसरे बाईंनी आपल्या चाकूने कापले. रक्त! लोक मागे सरकले. मग बाईंनी तोच चाकू पुसून, धुऊन मुलीच्या मामाच्या हाती दिला. तिसऱ्या लिंबातून पुन्हा साधा रस. चौथे लिंबू कापायची गरजच पडली नाही. त्याचे सरबत झाले.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते असे प्रयोग गावोगाव वर्षानुवर्षे करून दाखवत आले आहेत. तरीही लिंबातून रक्त काढणारे संपलेले नाहीत, कारण प्रयोग एकदा पाहून विसरला जातो आणि त्यामागचे कारण शिकायचे राहून जाते. म्हणून आम्ही हे कारण घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः आयांनी, समजून घ्यावे असे म्हणतो. त्याला प्रयोगशाळाही लागत नाही.

जास्वंदीच्या लाल फुलाच्या पाकळ्या स्वच्छ सुरीवर चांगल्या चोळा आणि सुरी वाळू द्या. पात्यावर काळपट-जांभळी छटा दिसेल. तिने लिंबू कापा. रस लालसर होईल. पाकळ्यांतला रंग हाही एक दर्शकच आहे. आम्लात तो लाल-गुलाबी होतो, सोड्याच्या पाण्यात हिरवट होतो. पूर्वीच्या बुवांना बाजारातले रसायन मिळत नसले तरी अंगणातले फूल तर मिळत होतेच.

दुसरा प्रयोग हळदीचा. चमचाभर हळद कोमट पाण्यात कालवून त्यात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवा आणि वाळवा. पट्टीवर साबणाचे पाणी किंवा चुन्याची निवळी टाका, ती तांबडी होईल. त्याच डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी होईल. आमटीचा डाग पडलेला सदरा साबणाने धुताना लाल होतो हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. तो तरी कुठे शापित असतो? हळद अल्कात लाल होते, एवढेच त्यात आहे. म्हणून हळद आणि चुना कालवलेले लाल पाणी दाखवून कोणी "रक्त" म्हणाला तर त्यावर लिंबू पिळून पाहावे. रक्त काही पिवळे होत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. मिथिल ऑरेंज विषारी आहे. प्रयोगातले लिंबू खाऊ नये, मुलांच्या हाती ती बाटली देऊ नये. आणि कोणी बुवा असा लाल रस "तीर्थ" म्हणून आजाऱ्याला पाजू लागला तर त्याचा हात तेथेच धरावा.

एवढे कळले की मग स्वयंपाकघरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. गरम दुधात लिंबू पिळले की ते का फाटते? दुधाचा सामू साडेसहावरून खाली येत ४.६ च्या आसपास पोहोचला की त्यातली प्रथिने पाण्यात सुटी राहू शकत नाहीत, एकमेकांना धरून गोळा होतात. पनीर असेच होते. काळवंडलेला पितळेचा डबा लिंबाने का उजळतो? धातूवर चढलेला थर आम्लात विरघळतो म्हणून. पण ज्या कारणाने भांडे उजळते, त्याच कारणाने कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात सरबत, कढी किंवा चिंचेचे सार ठेवू नये. आम्लाबरोबर तांबेही त्यात उतरते आणि मळमळ, उलट्या होतात. लोणच्याला चिनी मातीची किंवा काचेची बरणी लागते, ती याच कारणाने. आम्ल आणि मीठ मिळून जंतूंना वाढू देत नाहीत, म्हणून लोणचे वर्षभर टिकते.

सरबताबद्दलही एक गैरसमज आहे. पुष्कळांना वाटते, लिंबू एवढ्या पाण्यात मिसळले आणि वर साखर घातली की त्याचे आम्ल संपले. तसे होत नाही. साखर जिभेला फसवते, सामूला फसवत नाही. पाण्याने आम्ल पातळ होते हे खरे, पण सायट्रिक आम्ल आपले सगळे हायड्रोजन आयन एकदम सोडत नाही. बरेचसे राखून ठेवते आणि पाणी वाढले की त्यातले आणखी सोडते. त्यामुळे एका पेल्यात एक लिंबू पिळलेल्या सरबताचा सामू तिनाच्या जवळपासच राहतो. आपल्या दातांवरचे पांढरे कठीण कवच सामू साडेपाचच्या खाली गेला की झिजू लागते. म्हणून सरबत एका दमात पिऊन टाकावे, तासभर घोट घोट घेत बसू नये. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. लगेच दात घासू नयेत, अर्धा तास जाऊ द्यावा, कारण तेव्हा कवच मऊ झालेले असते. लिंबाची फोड दातांवर चोळून दात पांढरे करण्याचा उपाय जे सांगतात, ते दातांचे कवचच घासून टाकायला सांगत असतात.

याचा अर्थ लिंबू वाईट, असा कोणी घेऊ नये. त्यातले क जीवनसत्त्व पालेभाजी आणि डाळीतले लोह शरीराला घ्यायला मदत करते. आपल्या घरांतल्या कितीतरी बायका आणि मुलींच्या अंगात रक्त कमी असते. त्यांच्या ताटात भाजीवर लिंबाची फोड रोज असावी, असेच आम्ही सांगू.

आता दुसऱ्या एका लिंबाविषयी. हे लिंबू बुवाच्या पिशवीतून येत नाही, हातातल्या मोबाइलमधून येते. आमच्या एका वाचक भगिनीने पत्र लिहून विचारले आहे: "माझ्या भावाला कर्करोग निघाला आहे. डॉक्टरांनी उपचार लगेच सुरू करायला सांगितले आहेत. पण सगळीकडून निरोप येतात की कोमट पाण्यात लिंबू घेतले की रक्त अल्कधर्मी होते आणि अशा रक्तात कर्करोग जगत नाही. आधी महिनाभर तेच करून पाहावे का?"

ताई, अजिबात नाही. एक दिवससुद्धा थांबू नका.

कारण असे आहे. आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात असतो. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे तो रात्रंदिवस तेथेच सांभाळतात. आपण लिंबू खाल्ले, चिंच खाल्ली, सोडा प्यायला तरी निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू त्या पट्ट्याबाहेर जात नाही. तो जेव्हा बाहेर जातो तेव्हा माणसाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. शिवाय लिंबूपाणी आधी पोटात जाते. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि तेथला सामू रिकाम्या पोटी दीड ते साडेतीनच्या दरम्यान असतो. पुढे आतड्यात शिरताना अल्कधर्मी पाचकरस त्या आम्लाचा जोर मोडतात. लिंबाच्या पाण्याने रक्त बदलत असते तर दर उन्हाळ्यात अर्धा महाराष्ट्र आजारी पडला असता.

ह्या निरोपात अर्धे सत्य आहे, म्हणून तो पटतो. लिंबातले सायट्रिक आम्ल शरीरात जळून गेल्यावर मूत्राचा सामू थोडा वर जाऊ शकतो. काही प्रकारच्या मुतखड्यांत डॉक्टर सायट्रेटचे औषध देतात ते यासाठीच. पण मूत्रात बदल झाला म्हणजे रक्तात झाला असे नव्हे. उलट नको असलेले मूत्रावाटे बाहेर टाकूनच शरीर रक्ताला जागच्या जागी ठेवते. मूत्राची पट्टी दाखवून "बघा, तुमचे रक्त शुद्ध झाले" म्हणणारा आणि लाल लिंबू दाखवून "बघा, करणी" म्हणणारा, दोघांची रीत एकच. दोघेही खरा रंग दाखवतात आणि खोटे कारण सांगतात.

पित्ताचा त्रास असलेल्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे. छातीत जळजळ होत असताना उपाशीपोटी लिंबूपाणी घेतल्याने पुष्कळांची जळजळ वाढते. शेजारणीला चालले म्हणून आपल्याला चालेल असे नाही. त्रास रोजचा असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी पुन्हा काकूंच्या वस्तीकडे येऊ. महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. अमुक माणूस करणी करतो असे सांगून त्याचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. अशा प्रसंगी पोलीस ठाण्यात तक्रार करता येते, हे आपल्या बहुतेक बायकांना माहीतच नसते. ते त्यांना सांगावे.

समाजमंदिरातल्या त्या रविवारनंतर मुलीची आई काकूंच्या दारात गेली. फार बोलणे झाले नाही. तिने नुसते "काकू, पाणी द्या" एवढे म्हटले. काकूंनी तांब्या भरून दिला. नळावरच्या काही बायका अजून बाजूला होतात, हे आम्ही लपवत नाही. दोन महिन्यांत मनात बसलेले अर्ध्या तासाच्या प्रयोगाने सगळे निघून जात नाही. पण मुले ओट्यावर परत आली आहेत.

आपल्या दारी उद्या कोणी लिंबू उतरवायला आला, तर भांडण करण्याचीही गरज नाही. घरातल्या पोरीने पुढे होऊन एवढेच म्हणावे: "बुवा, लिंबू तुमचे असू द्या. चाकू आमचा घ्या."